दहा लाखांत एक

रुग्णालयातला मुलगा आईच्या खोलीच्या दाराशी किरणोत्सार मोजायचा मीटर धरून उभा राहिला की टकटक ऐकू यायची. मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवर मारलेल्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे बाकावर बसलेली असायचे. पट्टीपलीकडे नातेवाइकांना जायला बंदी होती. टक. टकटक. मग थोडा वेळ काहीच नाही आणि एकदम टक-टक-टक-टक. आमच्या घरी पाऊस थांबल्यावर पागोळ्या अशाच गळतात, पण पागोळ्यांना लय असते, थोड्या वेळानं कान ती धरतो. हा आवाज तीन दिवसांत कानाला एकदाही धरता आला नाही.

आईला थायरॉइडचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं आणि उरल्यासुरल्या पेशी जाळायला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. त्याची पूर्वतयारीच माणसाला दमवणारी. थायरॉइडची गोळी काही आठवडे बंद, त्यामुळे अंगात त्राण नाही, चेहरा सुजलेला, बोलणं जड. पंधरा दिवस आयोडीनयुक्त मीठ बंद, दूध-अंडी बंद, आणि मासे बंद. सगळा जन्म समुद्राकाठी काढलेल्या बाईला यातलं शेवटचं सर्वांत जड गेलं.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. "मावशी, या प्रकारात शंभरातले नव्वदहून जास्त लोक चांगले बरे होतात." आईनं मान डोलावली आणि विचारलं, "मग मी नव्वदांतली का दहांतली?" डॉक्टर भला माणूस. त्यांनी उडवून लावलं नाही. म्हणाले, "ते आज नाही सांगता यायचं."

बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "त्यांना ठाऊक नाही गो, एवढंच. ज्याला ठाऊक आहे त्याला मी विचारून आलेय."

ऑपरेशनच्या आधी गावी जाऊन तिनं ग्रामदेवतेला कौल लावला होता. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आईला उजवा कौल मिळाला होता. त्या कळीच्या बळावर ती ऑपरेशन थिएटरमध्ये न रडता गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे कौलाविषयी माझ्या मनात आदरच आहे.

पण बाकावर बसल्या बसल्या माझ्या एक गोष्ट लक्षात आली. डॉक्टरांचे नव्वद टक्के आणि देवाचा कौल वरवर किती वेगळे वाटले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. उत्तर कुठं तरी आहे, आपल्याजवळ नाही. आईच्या शरीरात कुठं एखादी पेशी दडून बसली असेल किंवा नसेल. जे आहे ते आहे. आपल्याला दिसत नाही म्हणून आपण टक्केवारी बोलतो. नाणं उडवून हाताखाली झाकलं की छापा का काटा ते ठरलेलंच असतं. 'शक्यता' हा शब्द आपण दिवसभर वापरतो तो बहुतेक याच अर्थानं, म्हणजे अपुऱ्या माहितीचं माप म्हणून.

आणि दाराआड, आईच्या गळ्यात, जे टकटकत होतं त्याची शक्यता या जातीची नव्हती.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्या रात्री झोप येईना म्हणून औषधाच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. आईला दिलं होतं १०० मिलिक्युरी. एक मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३ कोटी ७० लाख अणू फुटणं, म्हणून १०० मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३७० कोटी. या किरणोत्सारी आयोडीनचं, म्हणजे आयोडीन-१३१चं, अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ८ दिवसांचं, नेमकं ८.०२. त्यावरून एकूण अणू किती ते काढता येतं, आणि उत्तर येतं सुमारे ३७ कोटी कोटी. त्यांचं वजन एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा आयोडीनसाठी जाड भिंतींची खोली, वेगळं संडास, लांबून सरकवलेलं जेवणाचं ताट.

मग मी भागाकार केला. ३७ कोटी कोटींतले सेकंदाला ३७० कोटी. म्हणजे दर सेकंदाला दहा लाखांत एक.

इतका गोल आकडा येईल असं वाटलं नव्हतं. पुन्हा करून पाहिला, तेच आलं. तसा त्या गोल असण्याला काही अर्थ नाही, सेकंद हे माप माणसानं ठरवलेलं, योगायोगानं तसं जुळलं. पण त्यामुळे ती गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहिली. आयोडीन-१३१चा एकेक अणू दर सेकंदाला जणू दहा लाख चिठ्ठ्यांतली एक उचलतो. 'फूट' लिहिलेली एकच. ती निघाली तर त्याच्या केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन भन्नाट वेगानं बाहेर पडतो, मिलिमीटर-दोन मिलिमीटरांत थांबतो आणि वाटेतल्या पेशींची वाट लावतो. मागे उरतो झेनॉन, एक निरुपद्रवी वायू. चिठ्ठी निघाली नाही तर पुढच्या सेकंदाला पुन्हा दहा लाख चिठ्ठ्या. मागचा हिशेब शून्य.

हे मागचा हिशेब शून्य असणं नीट पाहण्यासारखं आहे. आठ दिवस न फुटता राहिलेला अणू आणि आज सकाळी अणुभट्टीत तयार झालेला अणू यांच्यात फरक काहीच नाही. पहिला थकलेला नसतो, त्याची 'वेळ जवळ आलेली' नसते. सत्तर वर्षांच्या माणसाला पुढचं वर्ष जितकं जोखमीचं, तितकं ते सतरा वर्षांच्या मुलाला नसतं, कारण आत काही तरी झिजत असतं. अणूत झिजण्यासारखं काही नाही. अणू म्हातारा होत नाही. तो असतो तसाच असतो, आणि मग एका क्षणी नसतो.

म्हणूनच टकटक कानाला धरता येत नव्हती. ज्याच्या नावानं तसा मीटर ओळखला जातो त्या गायगरनं रदरफोर्डबरोबर १९१० साली मँचेस्टरला नेमकं हेच मोजलं होतं. पोलोनियम या किरणोत्सारी धातूतून निघणारे अल्फा कण पडद्यावर आदळले की ठिणगी दिसायची. त्यांनी साडेसात साडेसात सेकंदांचे २,६०८ तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात किती ठिणग्या पडल्या ते मोजत गेले. सरासरी आली ३.८७. पण ५७ तुकडे असे होते की त्यांत एकही ठिणगी नाही, आणि एका तुकड्यात तर चक्क चौदा. ठिणग्यांचा एकमेकींशी काही संबंध नसेल, प्रत्येक आपापली येत असेल, तर रिकामे तुकडे किती पडावेत हे गणितानं काढता येतं. गणित म्हणत होतं ५४. इतकं जवळ. मी दरवर्षी हा तक्ता फळ्यावर लिहिते. दोन माणसं अंधाऱ्या खोलीत डोळे फोडून ठिणग्या मोजताहेत हे मला कुठल्याही मोठ्या यंत्रापेक्षा जास्त हलवतं.

पण 'आपापली येते' एवढं म्हणून भागत नाही. एका अणूची चिठ्ठी आज निघाली, शेजारच्याची नाही, असं का? दोघे सर्व बाबतींत सारखे, वजनानं, भारानं, आतल्या रचनेनं. फुटलेल्या अणूत न फुटलेल्यापेक्षा आधी काय वेगळं होतं? पुंजयामिकीचं, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांचे नियम सांगणाऱ्या शास्त्राचं, नेहमीचं उत्तर असं की काहीच नाही. कारण दडलेलं आहे आणि आपल्याला दिसत नाही असं नव्हे. दडायला तिथं काही नाहीच.

आईचा प्रश्न त्या अणूला विचारला, 'तू या सेकंदात फुटणाऱ्यांतला का राहणाऱ्यांतला?', तर 'आज सांगता येणार नाही' हे उत्तरही चुकीचं ठरेल. त्यात 'उद्या सांगता येईल, आहे ते आजही तसंच आहे' असं गृहीत आहे.

वर्गात मला या जागी नेहमी अडखळायला होतं. अकरावीला ऑर्बिटल शिकवताना मी वर्षानुवर्षं एक वाक्य बोलत आले आहे. 'ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथं जास्त ती जागा.' फळ्यावर खडूनं ठिपके काढायचे, मध्ये दाट, बाहेर विरळ. मुलं वहीत तसेच ठिपके काढतात आणि त्यांतली निम्मी तरी समजतात की एवढे सगळे इलेक्ट्रॉन आहेत. ते एक वेळ सुधारता येतं. पण काही वर्षांपूर्वी शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तो तिथं असतो म्हणून सापडतो, का सापडतो म्हणून तिथं असतो?"

तिला त्या तासाला मी काही तरी उत्तर दिलं, ते आठवावंसं वाटत नाही. पण त्या दिवसापासून 'सापडणं' हा शब्द मला टोचत राहिला. मराठीत जी वस्तू सापडते ती आधीपासून तिथं असते. किल्ली गादीखाली सापडते, चोर सापडतो, हरवलेलं मूल जत्रेत सापडतं. या क्रियापदाच्या पोटातच ते गृहीत भरलेलं आहे. आणि इलेक्ट्रॉनच्या बाबतीत नेमकं तेच खरं धरता येत नाही.

हायड्रोजनचंच बघा, सर्वांत साधा अणू. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. बोरच्या जुन्या चित्रात इलेक्ट्रॉन ०.५३ आंगस्ट्रॉमच्या त्रिज्येवर फिरायचा, ग्रहासारखा. मीटरचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे आंगस्ट्रॉम. नव्या हिशेबात त्या त्रिज्येच्या आत इलेक्ट्रॉन मिळण्याची शक्यता ३२ टक्के, आणि तिच्या दुप्पट अंतराच्याही पलीकडे मिळण्याची शक्यता जवळपास २४ टक्के. या २४ टक्क्यांवर मी मुलांना थांबवते. दुप्पट अंतरावर पोहोचता पोहोचता जुन्या यामिकीनुसार इलेक्ट्रॉनजवळची सगळी गतिज ऊर्जा संपलेली असते. वर फेकलेला चेंडू जिथून परत फिरतो, तसं ते ठिकाण. त्यापलीकडे चेंडू जाऊच शकत नाही. इलेक्ट्रॉन मात्र चारातल्या जवळपास एका मोजणीत तिथं मिळतो. तो 'फिरत फिरत तिथं गेला होता आणि आपण त्याला गाठलं' असं म्हणायला गेलं तर हिशेब बसत नाही.

मग कुठला शब्द वापरावा? मी अलीकडे 'उमटणं' म्हणते. १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सुटा सुटा सोडला, दोन वाटा मोकळ्या ठेवून, आणि पडद्यावर काय होतं ते टिपलं. आधी दहाबारा ठिपके, वाटेल तिथं. मग शंभरेक, अजून काही कळत नाही. हजारोंच्या घरात गेल्यावर उभे पट्टे दिसू लागतात. दाट, विरळ, दाट, विरळ. सुपारीएवढ्या रांगोळीच्या चिमटी कुणी डोळे मिटून टाकाव्यात आणि त्यातून आपोआप गालिचा उठावा, तसं. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा आला, एकाच जागी, अख्खा उमटला. पण जिथं विरळ पट्टा आहे तिथं न उमटण्याचं भान एकट्या इलेक्ट्रॉनला कुठून आलं? एक वाट बंद केली तर त्याच जागी ठिपके पडू लागतात. वाट वाढवली की शक्यता कमी होते, हे चिठ्ठ्या टाकण्याच्या कुठल्याही खेळात बसत नाही.

याचा उलगडा माक्स बॉर्न या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या एका तळटीपेत आहे. १९२६चा उन्हाळा, ग्यॉटिंगेन. श्रोडिंगरनं नुकतंच त्याचं लाटेचं समीकरण मांडलं होतं, पण ती लाट कशाची हे कुणाला धड सांगता येत नव्हतं. बॉर्ननं एका छोट्या लेखात, टक्कर झाल्यावर कण कुठं जातील याचा विचार करताना, लिहिलं की लाटेची उंची ही शक्यता सांगते. मग छपाईची मुद्रितं तपासताना त्याला चूक कळली असावी, कारण खाली टीप आली की अधिक बारकाईनं पाहता शक्यता उंचीच्या वर्गाच्या, म्हणजे उंची गुणिले उंचीच्या, प्रमाणात असते. अणुरेणूंच्या सगळ्या शास्त्राचा पाया मुद्रितशोधनाच्या टप्प्यावर, पानाच्या तळाला घातला गेला. नोबेल त्याला मिळालं १९५४ साली, अठ्ठावीस वर्षांनी. मधल्या काळात नाझींनी त्याची प्राध्यापकी काढून घेतली होती, आणि १९३५-३६च्या हिवाळ्यात तो रामन यांच्या बोलावण्यावरून सहाएक महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिला होता. त्याला तिथं कायमचं ठेवून घ्यायची रामन यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. बंगळूरला त्या आवारातून चालताना मला दर वेळी त्याची आठवण येते.

वर्ग का, उंचीच का नाही? कारण उंची ऋण असू शकते. शक्यता ऋण कशी असेल? लाट मात्र वर जाते, खाली जाते. दोन लाटा भेटल्या तर आधी त्यांची बेरीज करायची आणि मगच वर्ग करायचा. आधी वर्ग करून मग बेरीज केली तर उत्तर वेगळं येतं. सगळा फरक या एवढ्या क्रमात आहे. आणि हा क्रम कागदावरचा नाही, हे मला प्रयोगापेक्षा रसायनानं जास्त पटवलं.

दोन प्रोटॉन जवळ जवळ ठेवा आणि त्यांना एकच इलेक्ट्रॉन द्या. समजा आपण नेहमीच्या अर्थानं म्हटलं, 'इलेक्ट्रॉन एक तर डावीकडे आहे किंवा उजवीकडे, आपल्याला माहीत नाही, निम्मी निम्मी शक्यता.' बरोबर मधल्या बिंदूवर दोन्हीकडच्या लाटांची उंची सारखी, ती १ धरू. मग मध्यावर इलेक्ट्रॉन मिळण्याचं माप येईल अर्धा अधिक अर्धा, म्हणजे १. हा अज्ञानाचा हिशेब. आता निसर्गाचा हिशेब. आधी बेरीज, १ अधिक १, मग वर्ग, ४, आणि दोन वाटा म्हणून निम्मं, २. सगळीकडची शक्यता मिळून एक व्हावी म्हणून यात थोडी काटछाट करावी लागते, ती केल्यावर मध्यावरचा आकडा अज्ञानाच्या हिशेबापेक्षा सुमारे सव्वापट भरतो. दोन प्रोटॉनांच्या मध्ये ऋणभार जास्त जमतो, दोघांना तो धरून ठेवतो. बंध तयार होतो. आणि बेरजेऐवजी वजाबाकी केली, १ उणे १, तर मध्यावर शून्य, आणि प्रोटॉन एकमेकांना ढकलून मोकळे.

'इकडे किंवा तिकडे, आपल्याला ठाऊक नाही' एवढंच खरं असतं तर बंध झाला नसता. हायड्रोजनचा रेणू नाही, पाणी नाही, मीठ विरघळवणारं काही नाही, मीठ चाखणारी जीभ नाही. हे मी वर्गात म्हणते तेव्हा माझा आवाज थोडा चढतो, मुलांना ते माहीत झालंय. म्हणून मी त्यांना सांगते की बंध म्हणजे वहीतली दोन अणूंमधली रेघ नव्हे. त्या रेघेच्या जागी ही बेरीज आहे.

दोन इलेक्ट्रॉनांच्या खऱ्या हायड्रोजन रेणूसाठी हे पहिल्यांदा केलं हायटलर आणि लंडन यांनी, १९२७ साली झुरिकला. हायटलरनं पुढे सांगितलेली आठवण मोठी गोड आहे. त्या दिवशी त्याच्या हातून काही काम होईना. उशिरा उठला, जेवला, पुन्हा झोपला, तो संध्याकाळी पाचला जागा झाला. जागा झाला तेव्हा दोन अणूंच्या लाटा अधिक आणि उणे अशा जुळलेल्या त्याला स्पष्ट दिसत होत्या. त्यानं लंडनला बोलावून घेतलं आणि रात्री उशिरापर्यंत दोघे बसले. दोन अणू जवळ का येतात, आणि विशिष्ट अंतरावर, हायड्रोजनमध्ये ०.७४ आंगस्ट्रॉमवर, का थबकतात, याचं उत्तर माणसाला त्या रात्री मिळालं.

सगळ्यांनी हे मान्य केलं असं नाही. आइन्स्टाइननं १९२६च्या डिसेंबरात बॉर्नलाच पत्र लिहून सांगितलं की सिद्धान्त बरंच काही देतो, पण 'त्या म्हाताऱ्याच्या', म्हणजे देवाच्या, गुपिताजवळ आपल्याला नेत नाही, आणि तो फासे टाकत नाही याची मला खात्री आहे. बॉर्न त्याचा जिवलग मित्र. मला हे पत्र आठवलं की आईचा देव आठवतो. तिच्या देवाला ठाऊक आहे आणि तो कळीतून सांगतो. आइन्स्टाइनच्या म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे, तो फक्त सांगत नाही. १९५२ साली डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की इलेक्ट्रॉन दर क्षणी कुठं तरी असतोच आणि लाट त्याला वाट दाखवते, असं मानूनही तीच सगळी उत्तरं काढता येतात. म्हणजे 'ठरलेलं आहे, आपल्याला दिसत नाही' असं म्हणायची सोय आजही शिल्लक आहे. पण तिची किंमत आहे. जॉन बेलनं १९६४ साली सिद्ध केलं की अशी आधीच ठरलेली उत्तरं मानायची आणि पुंजयामिकीची भाकितंही राखायची, तर दूर दूर असलेल्या कणांचा एकमेकांवर तत्क्षणी परिणाम होतो हेही मानावं लागेल. पॅरिसजवळ आस्पे यांनी १९८२ साली आणि त्यांच्या आधी-नंतर इतरांनी प्रयोग केले, निकाल पुंजयामिकीच्या बाजूनं लागला, २०२२चं नोबेल त्यासाठीच होतं. बोमच्या मांडणीतही लाट काही सुटत नाही, बेरीज आधी आणि वर्ग नंतर हे राहतंच. म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलंय की जिथं काहीच ठरलेलं नाही असं म्हणून सगळं नीट जुळतं, तिथं दडलेल्या उत्तराची आस धरायची नाही.

बाकावर बसून मी हे सगळं मनात घोळवत होते आणि दाराआड आई लिंबाच्या फोडी चोखत होती. लाळग्रंथींत आयोडीन साचू नये म्हणून आंबट चोखायला सांगतात, आणि पाणी प्यायचं, भरपूर. ती फोनवर म्हणाली, "मी काय शिक्षा भोगतेय का गो, कोण आत येत नाही."

मला वाटायचं की त्या खोलीत दोन जातींची शक्यता शेजारी शेजारी बसली आहे. आईची, ती आपल्या अज्ञानाची. आयोडीनची, ती ठरलेलंच नसण्याची. पण दुसऱ्या रात्री तेही पक्कं राहिलं नाही. एखादी दडलेली पेशी मरेल की वाचेल हे तिच्या शेजारचा अणू आज फुटतो की आठवड्यानं, आणि फुटला तर इलेक्ट्रॉन कुठल्या दिशेला जातो, यावरही अवलंबून. म्हणजे त्या पेशीपुरतं उत्तर त्या क्षणी कुणाजवळच नव्हतं. डॉक्टरांजवळ नाही, कुठल्याही यंत्राजवळ नाही. आई नव्वदांतली का दहांतली हे थोडं तरी त्या खोलीत, त्या तीन दिवसांत ठरत होतं. मला एकदम गळ्याशी दाटून आल्यासारखं झालं.

मग पुन्हा बिलाचा कागद काढला. सेकंदाला ३७० कोटी फुटतात, तर त्यात कमीजास्त किती व्हावं? संख्येचं वर्गमूळ, सुमारे ६१ हजार. लाखात दोनही नाही. एकेका अणूचा काडीचा भरवसा नाही, आणि सगळ्यांचा मिळून एवढा की रुग्णालयातली डोस ठरवणारी एक तरुण बाई दुसऱ्या दिवशी मीटर किती दाखवेल ते आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवत होती. तिचा अंदाज बहुतेक जुळायचा. पेशीजवळही अणू एक नसतो, लाखो असतात. एकाची चिठ्ठी निघाली नाही तर दुसऱ्याची निघते. औषध लागू पडतं ते याच्याच आधारावर. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या रात्री झोपले.

चौथ्या दिवशी सकाळी तो मुलगा मीटर घेऊन आला, दारापासून एक मीटरवर उभा राहिला. टक. थांबणं. टकटक. थांबणं. आकडा त्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या खाली आला होता. आई पिशवी घेऊन दारात आली, पट्टी ओलांडली, आणि मी पुढे झाले तर म्हणाली, "लांब राहा. अजून आहेत ते माझ्यात." आठवडाभर वेगळी खोली, वेगळं ताट, लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही.

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "त्यातले अजून किती उरले?"

शरीरातले बरेचसे लघवीवाटे पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेले, ते आता रुग्णालयाच्या बंद टाकीत पडून विझत असतील, असं मी सांगितलं. उरलेले दर आठ दिवसांनी निम्मे.

"निम्मे, निम्मे, असं किती चालणार? शेवटचा कधी जायचा?"

प्रश्न इतका चांगला होता की मी पुन्हा कागद घेऊन बसले. ३७ कोटी कोटी, ते टाकीतले आणि तिच्यातले सगळे मिळून. निम्मे करत करत एकावर यायला जवळपास बावन्न वेळा अर्धं करावं लागतं. बावन्न गुणिले आठ. "एक वर्ष आणि वर पावणेदोन महिने," मी म्हटलं. "पण शेवटच्याचा नेमका दिवस नाही सांगता येत, आई. पंधरवडा इकडे-तिकडे होईल. आणि तो तुझ्यातला असेल का टाकीतला, तेही नाही."

"तुला नाही सांगता येत, का कुणालाच?"

"कुणालाच."

तिनं थोडा वेळ विचार केला. मग बोटांवर महिने मोजले. औषध जूनमध्ये दिलं होतं. "म्हणजे पुढच्या आषाढीच्या मागंपुढं."

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर डिसेंबरात घरी आलं. खिळ्याला लावायच्या आधी तिनं जुलैचं पान उलटलं, आषाढी एकादशीच्या पुढच्या आठवड्यावर पेन्सिलनं फिकट गोल काढला, आणि त्याच्या आत, देवाला ओळखते तितक्याच ओळखीनं, एक प्रश्नचिन्ह.